पत्त्यांची मोजणी आणि मोजणीबाहेरची माणसे

जगातील देशांची एखादी यादी प्रसिद्ध झाली आणि तीत भारताचे नाव वर दिसले की आपल्याकडे ढोल वाजू लागतात. नाव खाली गेले की यादी करणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेतली जाते. भुकेची यादी, वृत्तपत्रस्वातंत्र्याची यादी, प्रत्येक वेळी हेच घडताना आपण पाहतो. पण एक यादी अशी आहे की जीत भारत खरोखर पहिल्या रांगेत आहे, इंटरनेट ज्या देशात जन्मले त्या अमेरिकेच्याही पुढे आहे, आणि तरीही तिची चर्चा मराठी वृत्तपत्रांत जवळपास होतच नाही. ही यादी आहे इंटरनेटच्या नव्या पत्त्यांची. हा विषय इंजिनिअर लोकांचा आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये अशी आमची विनंती आहे. कारण पत्ता कोणाला मिळाला, कोणाला नाही, आणि मोजताना कोणाला धरले, कोणाला वगळले, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. तो सामाजिक होतो.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो. खिशातला मोबाइल असो, बँकेचा संगणक असो की सरकारी संकेतस्थळ ज्यावर ठेवले आहे तो सर्व्हर असो. हा क्रमांक म्हणजे त्याचा पत्ता. पाकिटावर पत्ता नसेल तर पोस्टमन पत्र टाकणार कोठे? तसेच हे आहे. या पत्त्यांची जी पद्धत १९८१ साली ठरली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने स्वीकारली, तिला आयपी व्ही-४, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती म्हणतात. या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. त्याहून एकही अधिक नाही. त्या वेळी जगात इंटरनेटला जोडलेले संगणक मोजकेच होते, त्यामुळे ही संख्या अफाट वाटली. आज जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे गेली आहे आणि एकेका माणसाकडे दोन-तीन यंत्रे आहेत. चादर तेवढीच राहिली आणि झोपणारे वाढले.

ही चादर वाटली कशी गेली, हेही पाहिले पाहिजे. सुरुवातीच्या काळात ज्याने मागितले त्याला मिळाले, आणि मागायला तेथे होते कोण? अमेरिकेतील विद्यापीठे, अमेरिकेचे लष्कर, अमेरिकेतील मोठ्या कंपन्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका शिक्षणसंस्थेला १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मिळाले. फोर्ड या मोटार कंपनीला तेवढाच गठ्ठा मिळाला, ॲपलला तेवढाच मिळाला. आजच्या हिशेबाने अमेरिकेच्या वाट्याला १५० कोटींहून अधिक पत्ते आहेत. भारताच्या वाट्याला आहेत ४ कोटींच्या आसपास. लोकसंख्या दीडशे कोटींच्या घरात असलेल्या संपूर्ण आफ्रिका खंडासाठी जी नोंदणी संस्था आहे, तिच्याकडे मिळून सुमारे १२ कोटी. हे कोणी कट करून केले असे आम्ही म्हणत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला गठ्ठा २००० साली परत केला, ही गोष्टही येथे नोंदवली पाहिजे. पण कट नसतानाही अन्याय होऊ शकतो. आधी आलेल्याला सगळे आणि उशिरा आलेल्याला उरलेले, या नियमात उशिरा येणारा नेहमी तोच असतो ज्याला आत येण्याची दारे उशिरा उघडली.

३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांचा जागतिक साठा संपला. शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडीय नोंदणी संस्थांना एकेक करून देण्यात आले. आशिया आणि प्रशांत विभागाची नोंदणी संस्था म्हणजे एपनिक. तिचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला तळाला गेला. त्या दिवसापासून एपनिकच्या कोणत्याही सदस्याला त्या उरलेल्या साठ्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचा नियम लागू झाला. पुढे २०१९ साली तो ५१२ वर आला. एका विद्यापीठाला पावणेदोन कोटी आणि करोडो ग्राहक जोडू पाहणाऱ्या नव्या कंपनीला १,०२४! संपले म्हटल्यावर बाजार सुरू होणारच होता. २०११ साली दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना विकत घेतले. २०१७ साली मॅसॅच्युसेट्सच्या त्या शिक्षणसंस्थेने आपल्या साठ्यातील मोठा हिस्सा विकायला काढला आणि ॲमेझॉनने त्यातून पत्ते घेतले. आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन आपल्या सर्व्हर भाड्याने घेणाऱ्यांकडून प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी तासाच्या हिशेबाने वेगळे पैसे घेऊ लागली. म्हणजे जे कधी काळी फुकट वाटले गेले, ते आज उशिरा आलेल्यांना भाड्याने घ्यावे लागत आहे.

ज्यांच्याकडे पत्ते नाहीत त्यांनी काय केले? त्यांनी एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले. घरात एकच पत्ता आणि त्यामागे चार मोबाइल हे सर्वत्रच चालते. पण इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या एका पत्त्यामागे शेकडो घरे बसवू लागल्या. बाहेरच्या जगाला ही शेकडो माणसे एकच माणूस म्हणून दिसतात. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावात शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख आहे आणि वसतिगृहातील मुले एकाच वेळी अर्ज भरत आहेत. संकेतस्थळाला वाटते की एकाच पत्त्यावरून कोणी तरी यंत्राने मारा करीत आहे, आणि ते दार बंद करते. मुलगा चित्रातले सिग्नल आणि बस ओळखत बसतो आणि मध्यरात्र उलटून जाते. त्याचा दोष एवढाच की त्याला स्वतःचा पत्ता नाही. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२५ साली आपल्याच जाळ्यावरील वाहतुकीचा अभ्यास करून हेच सांगितले की, असे सामायिक पत्ते वापरणाऱ्यांवर त्यांच्या वर्तनाच्या मानाने अधिक वेळा बंधने पडतात. एकाने आगळीक केली म्हणून अख्ख्या वस्तीत कोम्बिंग ऑपरेशन करावे, तसाच हा प्रकार आहे. सामूहिक शिक्षा म्हणजे काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

यावरचा उपाय नवा नाही. आयपी व्ही-६ ही सहावी आवृत्ती १९९५ साली मांडली गेली आणि १९९८ साली तिचा सुधारित मसुदा आला. तीत पत्त्यांची संख्या ३४ या आकड्यापुढे ३७ शून्ये लिहिल्यावर होईल इतकी आहे. टंचाई हा शब्दच तेथे उरत नाही. मग तीस वर्षे होऊनही जग पूर्णपणे तिकडे का गेले नाही? कारण जुनी आणि नवी पद्धत एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत. सगळे जाईपर्यंत दोन्ही चालवाव्या लागतात, म्हणजे खर्च दुप्पट आणि कटकट दुप्पट. शिवाय ज्यांच्याकडे जुने पत्ते भरपूर आहेत त्यांना घाई कशाची? विहीर ज्यांच्या वाड्यात आहे त्यांना गावाच्या नळयोजनेची निकड कधी वाटली आहे? म्हणूनच हे स्थित्यंतर कोणत्या देशात किती झाले हे मोजणे आवश्यक ठरले. मोजल्याशिवाय कोण अडून बसला आहे हे कळत नाही.

आता प्रश्न असा की मोजायचे कसे? इंटरनेटला तहसील कचेरी नाही आणि सातबाराही नाही. म्हणून वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या युक्त्या काढल्या. गुगल आपल्याकडे येणाऱ्या वापरकर्त्यांपैकी काहींच्या ब्राउझरला एक छोटी चाचणी करायला लावते आणि किती टक्के लोक नव्या पद्धतीने पोहोचले याचा आलेख रोज प्रसिद्ध करते. ६ जून २०१२ रोजी मोठ्या कंपन्यांनी मिळून नव्या पद्धतीची कायमची सुरुवात केली, तेव्हा हा आकडा एक टक्काही नव्हता. आज तो निम्म्याच्या आसपास आला आहे. एपनिकची पद्धत आणखी वेगळी आहे. तेथील शास्त्रज्ञ जेफ ह्यूस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहिरातींचा वापर केला. जगभरच्या पानांवर एक जाहिरात दिसते. ती कोणी दाबावी अशी अपेक्षाच नसते. ती दिसताच वापरणाऱ्याचे यंत्र गुपचूप काही अदृश्य चित्रे मागवते: एक फक्त जुन्या पद्धतीने मिळणारे, एक फक्त नव्या पद्धतीने मिळणारे आणि एक दोन्ही पद्धतींनी मिळणारे. कोणते आले आणि कोणते आले नाही यावरून त्या माणसाला नवा पत्ता आहे की नाही ते समजते. जाहिराती सर्व देशांत सारख्या प्रमाणात दिसत नाहीत. म्हणून त्या त्या देशात इंटरनेट वापरणारे किती आहेत याच्या प्रमाणात आकड्यांना वजन दिले जाते. क्लाउडफ्लेअर आपल्याकडे येणाऱ्या विनंत्या मोजते. फेसबुकची कंपनी आपल्या वापरकर्त्यांवरून देशवार चित्र देते.

येथे खरी मेख आहे. माणसे मोजली की एक आकडा येतो, विनंत्या मोजल्या की दुसरा येतो. कोण मोजतो त्यावर कोण मोजला जातो ते ठरते. चीनचे उदाहरण घ्या. गुगलची सेवा चीनमध्ये बंद आहे. त्यामुळे गुगलच्या नकाशावर चीन मागासलेला दिसतो. चिनी सरकारने मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या पत्त्यांसाठी देशव्यापी कृती आराखडा जाहीर केला, आणि त्यांच्या सरकारी आकड्यांप्रमाणे नवी पद्धत वापरणाऱ्यांची संख्या ७० कोटींच्या पुढे गेली आहे. एपनिकचा आकडा या दोहोंच्या मध्ये कोठे तरी पडतो. एकच देश, तीन मोजण्या, तीन उत्तरे. यातील कोणी खोटेच बोलत असेल असे नाही. पण प्रत्येकाच्या खिडकीतून जेवढे अंगण दिसते तेवढेच त्याने मोजले आहे. जो खिडकीत दिसत नाही तो त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

आणखी एक गमतीची गोष्ट पाहा. गुगलच्या आलेखात शनिवारी-रविवारी आकडा वर चढतो आणि सोमवारी पुन्हा खाली येतो. याचे कारण सरळ आहे. सुट्टीच्या दिवशी लोक मोबाइलवर आणि घरच्या जोडणीवर असतात, आणि तेथे नवी पद्धत पोहोचली आहे. कामाच्या दिवशी ते कचेऱ्यांत जातात, आणि कचेऱ्यांची जाळी अजून जुन्याच पद्धतीवर आहेत. २०२० साली टाळेबंदीत कचेऱ्या बंद पडल्या तेव्हा हा चढउतार कमी झाला. म्हणजे बदलाला अडसर कोण आहे? स्वस्त मोबाइल वापरणारा सामान्य माणूस नव्हे, तर वातानुकूलित खोलीत बसलेली जुनी व्यवस्था. आकडे नीट वाचले तर ते बोलतात.

आता यादी पाहू. फ्रान्स आणि जर्मनी या यादीत वर आहेत, भारतही त्यांच्या पंक्तीला आहे. पण श्रीमंती हे त्याचे कारण आहे असे समजू नये. स्पेन हा युरोपातील पुढारलेला देश कित्येक वर्षे या यादीच्या तळाशी रेंगाळत आहे. मग फरक कशाने पडतो? फ्रान्समध्ये फ्री नावाच्या कंपनीने २००७ सालच्या अखेरीस अवघ्या पाच आठवड्यांत आपल्या ग्राहकांपर्यंत नवी पद्धत नेली. पुढे तेथील नियामक संस्था दरवर्षी कंपनीवार आकडे जाहीर करू लागली आणि फाइव्ह-जीचे परवाने देताना तिने नव्या पत्त्यांची अटच घातली. कोणती कंपनी मागे आहे हे चारचौघांत दिसू लागले की हालचाल सुरू होते. बेल्जियममध्ये कारण वेगळे होते. गुन्ह्याचा तपास करताना एका पत्त्यामागे शेकडो माणसे निघू लागल्याने पोलीस हैराण झाले. तेव्हा कंपन्यांनी सरकारशी समझोता करून एका जुन्या पत्त्यामागे १६ पेक्षा अधिक ग्राहक न बसवण्याचे मान्य केले. ही मर्यादा पाळायची तर नवी पद्धत आणणे भाग होते, आणि बेल्जियम काही वर्षे जगात पहिल्या क्रमांकावर राहिला. आणि आफ्रिका? पत्त्यांची टंचाई सर्वाधिक तेथे आहे, तरीही त्या खंडातील अनेक देशांत नव्या पद्धतीचा वापर नगण्य आहे. कारण नुसती गरज असून भागत नाही. नवी यंत्रसामग्री घ्यायला भांडवल लागते, शिकलेली माणसे लागतात, आणि विचारणारे सरकार लागते. गरजवंताला सर्वांत उशिरा मिळते, हा जगाचा जुना न्याय येथेही दिसतो.

मग भारत वर गेला कसा? याचे श्रेय सरकार घेऊ पाहील. म्हणून घटनाक्रम नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये नव्या पत्त्यांचा पहिला राष्ट्रीय आराखडा काढला. त्यात केंद्र आणि राज्य सरकारांची सर्व खाती व सार्वजनिक उपक्रम मार्च २०१२ पर्यंत नवी पद्धत वापरू लागतील असे म्हटले होते. मार्च २०१२ आला आणि गेला. २०१३ साली दुसरा आराखडा आला. त्यात सरकारी संस्थांसाठी डिसेंबर २०१७ ही मुदत पडली. तीही गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा नव्या तारखा जाहीर झाल्या. आता सरकारी संस्थांना ३० जून २०२२ ची मुदत मिळाली, आणि ३१ डिसेंबर २०२२ नंतरच्या प्रत्येक नव्या तारेच्या जोडणीवर नवी पद्धत असावी असे सांगण्यात आले. तारखांवर तारखा पडण्याची आपल्याला न्यायालयात सवय आहेच. तंत्रज्ञानातही ती सवय लावली गेली.

प्रत्यक्षात भारताचा आकडा उसळला तो सप्टेंबर २०१६ नंतर. रिलायन्स जिओने केवळ फोर-जीवर चालणारे नवे जाळे सुरू केले. जुन्या पत्त्यांचा पुरेसा साठा हाती नव्हता आणि विकत घ्यायचे तर प्रचंड खर्च होता. जाळेच नवे असल्याने जुन्याला जपण्याचे कारणही नव्हते. म्हणून तिने पहिल्या दिवसापासून ग्राहकांच्या मोबाइलला नवे पत्ते दिले. फेब्रुवारी २०१७ पर्यंत तिचे ग्राहक १० कोटींच्या पुढे गेले. ज्या देशाचा आकडा २०१६ च्या आरंभी नगण्य होता, तो दोन-तीन वर्षांत पहिल्या रांगेत जाऊन बसला. दुसऱ्या मोबाइल कंपन्याही मग त्याच वाटेने गेल्या. आज गुगलच्या आणि एपनिकच्या मोजणीत भारताचा आकडा ७० टक्क्यांच्या वर आहे. यात कोणाचा द्रष्टेपणा किती आणि टंचाईने आणलेली अपरिहार्यता किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आम्हाला एवढेच दिसते की, ज्यांना जुन्या वाटपात काही मिळाले नव्हते त्यांनीच नवी पद्धत आधी आपलीशी केली. गमावण्यासारखे ज्यांच्याकडे काही नसते ते बदलाला घाबरत नाहीत.

परंतु या ७० टक्क्यांवर समाधान मानून बसण्याला आमचा विरोध आहे. ७० टक्के कशाचे? देशाच्या लोकसंख्येचे नव्हे, इंटरनेटवर आलेल्यांचे. ज्याच्या हाती मोबाइल नाही, ज्याचा रिचार्ज संपला आहे, जी बाई नवऱ्याचा फोन उचलायलाही परवानगी मागते, ती माणसे या भागाकारात छेदातही नाहीत आणि अंशातही नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले होते. स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के होते. त्यानंतर काही वर्षे गेली, वापर वाढला, हे खरे. पण जगात आजही २०० कोटींहून अधिक लोक इंटरनेटच्या बाहेर आहेत, आणि जाहिरात दाखवून माणसे मोजणाऱ्या कोणत्याही पद्धतीला ती दिसणे शक्य नाही. यात एपनिकचा किंवा गुगलचा दोष नाही. त्यांनी जे मोजले ते मोजले असे स्पष्ट सांगितले आहे. दोष त्यांचा आहे जे हा आकडा भाषणात घेतात आणि छेद घरी ठेवून येतात.

मोजणी हा आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. १९३१ नंतर या देशाच्या जनगणनेत सर्व जातींची मोजणी झाली नाही, आणि ती व्हावी यासाठी २०२५ साली सरकारला निर्णय घ्यावा लागला, तोपर्यंत नऊ दशके उलटली होती. सरासरी काढली की वरचा आणि खालचा एकाच रेषेवर येतो आणि खालच्याचे दुःख पुसले जाते, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत. नव्या पत्त्यांच्या बाबतीतही तेच आहे. देशाचा एक आकडा सांगितला की मुंबईतील उपनगर आणि मेळघाटातील पाडा एका रांगेत बसतात. मोबाइल आणि तारेची जोडणी एक होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरकारी संकेतस्थळे या मोजणीतून साफ सुटतात. कारण ही मोजणी ग्राहकाच्या बाजूने होते. ग्राहकाला नवा पत्ता आहे की नाही एवढेच ती पाहते. समोरचे संकेतस्थळ नव्या पत्त्यावर उत्तर देते की नाही हा वेगळा प्रश्न आहे. नवा पत्ता असलेला मुलगा जुन्या पद्धतीवरच्या संकेतस्थळाकडे गेला की त्याला पुन्हा त्याच सामायिक पत्त्याच्या बोगद्यातून जावे लागते, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पूर्वी जे होत होते तेच होते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अमेरिकेने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या संघीय खात्यांना उद्दिष्ट दिले की २०२५ च्या आर्थिक वर्षाअखेर त्यांची किमान ८० टक्के यंत्रणा केवळ नव्या पद्धतीवर चालली पाहिजे. उद्दिष्ट किती गाठले हा भाग वेगळा. पण तेथील राष्ट्रीय मानक संस्था कोणत्या सरकारी खात्याचे संकेतस्थळ नव्या पद्धतीवर आहे आणि कोणाचे नाही हे सर्वांना पाहता येईल असे मांडते. आपल्याकडे केंद्राने आणि महाराष्ट्र शासनाने हेच करावे. समाजकल्याण, आदिवासी विकास, शिक्षण, महसूल, रेशन, प्रत्येक खात्याच्या संकेतस्थळापुढे होय किंवा नाही लिहिले जावे. त्यासाठी समिती नको, परदेश दौरा नको. कोणताही जाणकार विद्यार्थी एका दुपारी ही तपासणी करू शकतो. दुसरे, दूरसंचार नियामकाने कंपन्यांकडून राज्यवार, शहरी-ग्रामीण आणि मोबाइल-तार असे वेगवेगळे आकडे घेऊन फ्रान्सप्रमाणे दरवर्षी छापावेत. तिसरे, एका जुन्या पत्त्यामागे किती ग्राहक बसवायचे याला बेल्जियमप्रमाणे मर्यादा असावी. आणि चौथे, लोकांच्या हक्काचे अर्ज घेणाऱ्या कोणत्याही सरकारी संकेतस्थळाने केवळ एका पत्त्यावरून अनेक विनंत्या आल्या म्हणून अर्जदाराला बाहेर काढू नये.

याला एक दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता मिळाला की प्रत्येकावर पाळत ठेवणेही सोपे होते. गर्दीत हरवून जाण्याची जी सोय सामायिक पत्त्याने नकळत दिली होती, ती जाते. नव्या पद्धतीत पत्त्याचा शेवटचा भाग ठरावीक काळाने बदलत ठेवण्याची तरतूद आहे आणि आजचे बहुतेक मोबाइल ती वापरतात. पण पत्त्याचा पुढचा भाग कोणत्या ग्राहकाला दिला याची नोंद कंपनीकडे राहतेच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे. पत्ता देताना हा हक्क काढून घेतला जाणार नाही, याची हमीही लोकांनी मागितली पाहिजे. पत्ता हवा तो अर्ज पोहोचवण्यासाठी, आवाज पोहोचवण्यासाठी. दारावर पहारा बसवण्यासाठी नव्हे.

जुन्या पद्धतीत आपल्याला वाटा मिळाला नाही याचे आता रडगाणे गाण्यात अर्थ नाही. नव्या पद्धतीत कोणाला कमी पडण्याचे कारणच उरलेले नाही. पत्ते मुबलक आहेत, मोबाइल तयार आहेत, ग्राहक केव्हाच पलीकडे पोहोचला आहे. मागे राहिले आहे ते सरकार आणि त्याच्या कचेऱ्या. तेव्हा यापुढे कोणी व्यासपीठावरून भारत जगात पुढे असल्याचे सांगितले, तर आमच्या तरुणांनी टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हा आकडा कशाने भागून काढला? आणि तुमच्या खात्याचे संकेतस्थळ त्या आकड्यात कोठे आहे? उत्तर मिळाले तर टाळ्या जरूर वाजवाव्यात. नाही मिळाले, तर तेच उत्तर समजावे.